अर्लीनच्या बंदुकीला साजेशी गोळी

एल्वुड किबीचा उजवा खांदा ऑगस्टात डॉक्टरांनी उघडला, आतलं काहीबाही तासलं आणि पुन्हा शिवून दिला. वर म्हणाले, "हात वर जाईल, फावडं चालेल, पण ती मोठी बंदूक आता खांद्याला लावायची नाही. एक दणका बसला की माझं सगळं काम वाया." एल्वुडने मान डोलावली. छत्तीस वर्षं लाकडाच्या गिरणीत करवतीपुढे उभा राहिलेला माणूस, शिकलेल्यांशी वाद घालायची त्याला सवय नव्हती. पण घरी परतताना गाडीत तो तोंड पाडून खिडकीबाहेर बघत बसला.

"दुखतंय का?" गाडी चालवणाऱ्या अर्लीनने, म्हणजे त्याच्या बायकोने, विचारलं.

"नाही."

"मग थोबाड कशाला पाडलंय?"

"लॉइडला काय सांगू?"

लॉइड हॅम्लिनची शिकारीची खोपटी कोल्ड रन ओढ्याच्या वरच्या अंगाला, हेमलॉकच्या सूचिपर्णी रानात. भिंतींना डांबरी कागद, मधोमध लोखंडी चूल, निजायला आठ बाकडी. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारी नर हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. त्या दिवशी आमच्या जिल्ह्यात गिरणी बंद, शाळा बंद. कुणी मेलंच तर त्यालाही मंगळवारपर्यंत थांबावं लागतं. त्या खोपटीत एल्वुडचं बाकडं सेहेचाळीस वर्षांचं. आणि उतारावर वीज पडून मोडलेला एक हेमलॉकचा बुंधा होता, तोही त्याचाच. सेहेचाळीस पहाटा त्याने तिथे बसून काढल्या होत्या.

खोपटीचे नियम दोनच. पहिला, जो बंदूक घेऊन रानात जात नाही त्याने स्वयंपाक करायचा आणि भांडी घासायची. दुसरा, बारीक गोळीची बंदूक उंबऱ्याच्या आत आणायची नाही. हा दुसरा नियम लॉइडने केला त्याला कारण होतं. त्याच्या एका चुलतभावाने असल्याच बंदुकीने एका नराला खांद्यावर मारलं. गोळी हाडावर आपटून तिथेच फुटली. हरीण तीन पायांवर गेलं ते गेलंच. लॉइड आणि एल्वुड दोन दिवस बर्फात रक्ताचे थेंब हुडकत फिरले आणि तिसऱ्या ओढ्यापाशी थेंबही संपले. चुलतभावाला त्यानंतर कुणी बोलावलं नाही.

म्हणजे यंदा एल्वुडच्या नशिबी भांडी. भांड्यांची त्याला लाज नव्हती. पण खोपटीतल्या पर्लीचं काय झालं ते त्याने पाहिलं होतं. म्हातारा पर्ली एका वर्षी म्हणाला, गुडघे दुखतात, यंदा मी चुलीपाशी बसतो. त्यानंतर तो कधी रानात गेलाच नाही. दोन वर्षांनी खोपटीतही यायचा थांबला, आणि कुणाच्या ते लवकर लक्षातही आलं नाही. बीन्स थोडे कच्चे लागले, एवढंच.

आता अर्लीनची बंदूक. ती दोनशे बावीस नंबरची, म्हणजे बारीकच गोळीची, हलकी, झाडूएवढी सडपातळ. साठवणीच्या कपाटाशेजारी भिंतीला टेकून असे, परसातली भाजी खाणारे वुडचक, म्हणजे मोठ्या घुशीसारखे प्राणी, मारायला. अर्लीनचा नेम असा की एकदा पाद्रीबाबा बैठकीत प्रार्थना म्हणत होते, सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि 'आमेन'च्या जरा आधी स्वयंपाकघरातून टप्प असा आवाज आला. पाद्रीबाबांनी डोळे उघडले तर अर्लीनची खुर्ची रिकामी. ती ॲप्रन झटकत परत आली आणि म्हणाली, "माफ करा हं, कोबीत होता."

या बंदुकीचा दणका म्हणजे कुणी खांद्यावर बोट टेकवल्यासारखा. एल्वुडने ती दोन दिवस नुसती हातात धरून पाहिली. तिसऱ्या दिवशी तो लॉइडकडे गेला. लॉइड शहात्तर वर्षांचा, अंगणात लाकडं रचत होता.

"लॉइड, यंदा मी अर्लीनची बंदूक आणतो म्हणतोय."

"आण की. येताना तिचा ॲप्रनही आण."

"थट्टा नको रे."

"थट्टा कसली? दोन दिवस रक्त हुडकत फिरलो होतो मी. तूही होतास."

"होतो, म्हणून तर विचारायला आलो. तेव्हा बंदूक चुकली नव्हती, गोळी चुकली होती. ती वुडचक मारायची गोळी. ती फुटण्यासाठीच केलेली असते."

"आणि तू कुठली आणणार? देवाने स्वतः भरलेली?"

"हुडकतो."

लॉइडने एक ओंडका ठेवला, दुसरा उचलला, मग तोही ठेवला. "हे बघ. साठ पावलांवरून तीन बार. तिन्ही बशीएवढ्या जागेत. मांसाच्या जागी भिजवलेला कागद, त्यात गोळी वीतभर खोल गेली पाहिजे आणि बाहेर काढली की एका तुकड्यात निघाली पाहिजे. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या रविवारी, माझ्यासमोर. जमलं तर बुंधा तुझा. नाही जमलं तर बीन्स भिजत घालायला एक दिवस आधी ये."

"वीतभर ना? ठीक."

"वीत माझी. तुझी नव्हे." लॉइडने पंजा उघडून दाखवला. फावडंच ते.

एल्वुड काडतुसं घरीच भरायचा. तळघरात एक दाबयंत्र होतं, बंदुकीची दारू तोलायचा छोटा काटा होता. नुसत्या गोळ्या तेवढ्या डोलोरेसबाईंच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणायच्या. बाईंनी त्याला माडीवर पडलेल्या बफेलो शहराच्या टेलिफोनच्या जाडजूड डिरेक्टऱ्याही दिल्या. एल्वुडने त्या कपडे धुवायच्या टबात भिजत घातल्या.

"आता अख्ख्या शहराचं लोणचं घालतोस का?" अर्लीन म्हणाली.

सुरुवात त्याने वुडचकच्या गोळीपासूनच केली, खात्री म्हणून. पन्नास ग्रेन वजनाची, पातळ कवचाची. भिजक्या डिरेक्टरीला बाहेरून नाण्याएवढं भोक, आत वाडग्याएवढा खड्डा, आणि 'बेकर' आडनावाच्या पुढे काहीच नाही. एल्वुड चिमट्याने तुकडे वेचत बसला.

"गोळी कुठेय?" अर्लीनने विचारलं.

"सगळीकडे."

मग डोलोरेसबाईंनी गल्ल्यामागून एक नवी डबी काढली. "अख्खं तांबं, आत शिसं नाहीच. फुटायचा प्रश्नच मिटला. जड आहे, लांब आहे. वाघालासुद्धा पुरेल."

"इथे वाघ कुठेत, बाई?"

"बघ, एकही उरला नाही."

जड म्हणजे खोल जाणार, हे एल्वुडला पटलं. आमच्या डोंगरात ते कुणालाही पटतं. सरपणापासून बायकोच्या केकपर्यंत जड ते चांगलं, असाच इथला हिशोब. त्याने तांब्याच्या गोळ्या भरल्या, साठ पावलांवर कागद लावला आणि तीन बार टाकले. कागदावर भोकं दोनच. आणि ती गोल नव्हती, लांबट होती.

"ही भोकं आहेत की काकडीच्या बिया?" अर्लीन कागद उन्हात धरून म्हणाली. "तुझ्या गोळ्या आडव्या होऊन चालल्यात, एल्वुड."

"वाऱ्याने असेल."

"वारा कुठेय?"

एल्वुडने दोष आधी वाऱ्याला दिला, मग खांद्याला, मग चष्म्याला. बंदुकीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू काढून पुन्हा बसवले. दारू एक ग्रेन वाढवली, दोन ग्रेन कमी केली. ऑक्टोबरची पानं गळून गेली तरी हा तळघरातून परसात आणि परसातून तळघरात. भोकं लांबट ती लांबटच. एकदा तर तिन्ही गोळ्या कागद सोडून भलतीकडे गेल्या आणि अर्लीनने कोंबड्या मोजून घेतल्या.

नोव्हेंबर लागला तेव्हा, नळी साफ करता करता, त्याच्या हाताला ते कळलं. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात. चिंधी घट्ट बसली की गज त्या खाचांबरोबर फिरत आत जातो. त्याने गजावर खडूची खूण केली आणि पूर्ण एक गिरकी होईपर्यंत गज सरकवला. मोजपट्टी लावली. चौदा इंच. एक गिरकी घ्यायला चौदा इंच! वुडचकच्या आखूड गोळीला एवढी गिरकी पुष्कळ झाली. पण गोळी लांब झाली की तिला जोराने फिरायला हवं, नाहीतर दमलेल्या भोवऱ्यासारखी ती डुलते आणि आडवी पडते. जडपणाच्या मोहात तो लांबी विसरला होता. सव्वा महिना गेला होता.

तो तसाच काळ्या हातांनी दुकानात गेला.

"बाई, आखूड हवी. पण कवच जाड हवं."

"आखूड आणि जाड? माझ्या नवऱ्यासारखी?"

"तो फुटत नाही ना?"

"अजून तरी नाही," म्हणत बाईंनी शिडी लावली आणि वरच्या फळीवरून धूळ बसलेल्या दोन डब्या काढल्या. पंचावन्न ग्रेनची, आत शिसं, टोक उघडं, आणि बुडाकडे कवच चांगलं जाड. अशी गोळी कुणी मागत नाही म्हणून ती वर जाऊन बसली होती.

या गोळीने भोकं गोल पाडली, तिन्ही बशीत. पण डिरेक्टरीत ती अर्धी वीत जाऊन दोन तुकडे झाली. एल्वुड पायरीवर बसून ते तुकडे तळहातावर फिरवत राहिला. रविवार पाच दिवसांवर होता. जास्त खोल जायला हवी तर दारू जास्त हवी, असं कुणीही म्हणालं असतं. पण गिरणीत त्याने एक पाहिलं होतं. गाठीच्या लाकडात करवत जोरात रेटली की दात तुटतात, जरा हळू घेतली की ती आरपार जाते. त्याने दारू कमी केली, चांगली तीन ग्रेन कमी.

रविवारी लॉइड आला, बरोबर खोपटीतला डुएन हॅस्किन्स. डुएनला कुठलाही तमाशा चुकवायचा नसे.

"दारू कमी केलीस?" डुएन म्हणाला. "मग हातानेच फेकून मार की रे!"

एल्वुडने टेकू घेतला आणि तीन बार टाकले. लॉइडने बशी कागदावर ठेवून पाहिली. तिन्ही भोकं झाकली गेली. मग भिजक्या डिरेक्टऱ्यांची चळत त्याने स्वतः उलगडली. पहिली, दुसरी, तिसरी. चौथ्या डिरेक्टरीत, 'मर्फी' आडनावापाशी, गोळी सापडली. टोक छत्रीसारखं उमललेलं, बुडाशी अखंड. लॉइडने पंजा ताणून वीत मोजली. गोळी वीत ओलांडून आणखी दोन बोटं खोल गेली होती.

"बिचारे मर्फी," डुएन म्हणाला.

लॉइडने गोळी नखाने टोकरून पाहिली. "आडवा उभा असेल तरच मारायचं," तो एल्वुडला म्हणाला. "पुढच्या पायामागे. समोरून नाही, मागून नाही."

"ठाऊक आहे."

"ठाऊक सगळ्यांनाच असतं," लॉइड म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

थँक्सगिव्हिंग झाला, आणि हंगामाच्या सोमवारी उजाडताना एल्वुड आपल्या बुंध्यावर होता. आठच्या सुमारास हेमलॉकमधून एक नर उतरला, दहा टोकांच्या शिंगांचा. असला नर त्याने आयुष्यात दोनदा पाहिला होता. तो पन्नास पावलांवर थांबला, पण पाठमोरा. एल्वुडने सुरक्षेचा खटका उघडला. हातात जुनी बंदूक असती तर त्याने बार टाकला असता, आणि हरीण तिथेच बसलं असतं. त्याने वाट पाहिली. नर वळला नाही. शेपटी हलवत तो उतारावरून खाली गेला, लॉइडच्या जागेकडे. एल्वुडने खटका बंद केला. थोड्या वेळाने खालून दोन दणदणीत बार ऐकू आले.

संध्याकाळी खोपटीत कळलं की लॉइडचे दोन्ही बार चुकले. जो हरीण चुकवतो त्याच्या शर्टाची मागची पट्टी कापून भिंतीला ठोकायची, ही रीत. लॉइडचा शर्ट आजवर कुणी कापला नव्हता. डुएनने सुरी चुलीवर शेकून घेतली, उगाच.

"तीस पावलांवर, लॉइड? गायीएवढा होता म्हणे."

"कापायचं ते काप," लॉइड म्हणाला.

"आणि एल्वुड, तुझ्यापासून गेला ना तो? खेळण्यातली बंदूक घेऊन नुसता बघत बसलास?"

"ढुंगण दाखवत होता," एल्वुड म्हणाला. "तुझं असतं तर मारलं असतं."

सगळे हसले. लॉइड हसला नाही. तो कापलेला शर्ट घालूनच जेवला आणि बीन्स अर्धे टाकले.

मंगळवार कोरडा गेला. बुधवारी दुपारी एक लहान नर, नुसती सुळ्यांसारखी शिंगं, बुंध्यासमोर साठ पावलांवर आडवा उभा राहिला आणि बर्फ उकरू लागला. एल्वुडने पुढच्या पायामागे नेम धरला आणि चाप ओढला. टप्प. हरणाने उडी मारली, चाळीस पावलं पळालं आणि कोसळलं. तो चालत गेला तेव्हा सगळं शांत झालं होतं. रक्त हुडकावं लागलं नाही, वाटेवर रुंद सांडलेलं होतं.

तो पोट साफ करत होता तोवर लॉइड चढ चढून आला. खांद्यावर दोराचं वेटोळं होतं.

"ऐकू आला होय?" एल्वुडने विचारलं.

"डुएन म्हणाला, फांदी मोडली. मी म्हटलं, ती फांदी एल्वुडची आहे."

लॉइडने वाकून दोन्ही बाजूंची भोकं पाहिली. दोर शिंगांना बांधला, दुसरं टोक आपल्या खांद्यावरून घेतलं आणि ओढू लागला. एल्वुडने डावा हात लावला. सपाटीवर आल्यावर लॉइड थांबला, धापा टाकत.

"सोमवारी मी डोळे मिटले," तो म्हणाला.

"कधी?"

"बार व्हायच्या आधीच. दोन्ही वेळा. हा खांदा... तीन वर्षं झाली दुखतोय. दणका बसणार म्हटलं की डोळे आपोआप मिटतात. बायकोलासुद्धा सांगितलं नाही."

एल्वुडने हातांना बर्फ चोळून रक्त पुसलं. खरं सांगायचं तर त्याला थोडं हसू येत होतं.

"डोलोरेसकडे असली बंदूक असेल का?" लॉइडने विचारलं. "हलकी."

"असेल. मी येतो बरोबर. आधी पीळ मोजू, मग गोळी बघू."

"आणि खोपटीतल्या पोरांना तू सांग. तुझी गंमत करून झालीच आहे."

"ते नाही जमायचं. नियम तुझा, तूच सांग. आज जेवताना, सगळ्यांसमोर."

"डुएन मरेपर्यंत बोलेल."

"बोलू दे. माझ्याशी दोन महिने बोलतोय."

लॉइडने खाली झाडांच्या शेंड्यांवर खोपटीच्या धुराकडे पाहिलं. मग खांद्यावरचा दोर उतरवला, कमरेला दोन वेढे देऊन गाठ मारली आणि पुढे निघाला.