काउंटरपलीकडची खुर्ची

मास्तरांची हयात शिलाई मशीनं दुरुस्त करण्यात गेली. दुकान म्हणजे गल्लीतली दहा बाय आठची खोली आणि मधोमध लाकडी काउंटर. गिऱ्हाईक मशीन ठेवी ते स्वतःकडे तोंड करून, आणि मास्तर आतल्या बाजूला मशीनच्या पाठीशी बसत. चाळीस वर्षं त्यांनी मशीन असं मागूनच उघडलं. शेजारचा चष्मेवाला म्हणायचा की मास्तरांना मशीनची नुसती पाठ दाखवा, खानदान सांगतील.

त्यांचा एक नियम होता. दुरुस्त केलेलं मशीन तक्रार घेऊन परत आलं की गिऱ्हाइकाला बोल लावायचा नाही. उठायचं, काउंटरला वळसा घालायचा, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून वीतभर शिवण घालायची आणि मगच तोंड उघडायचं.

पुढं हात थरथरायला लागले. बारीक स्क्रू पकडीत राहीना. आज ना उद्या शटर ओढावं लागणार, हे घरात सगळ्यांना कळलं होतं, बोलत कुणी नव्हतं. त्यांची भाची लोकांना वेबसाइटी बनवून द्यायची. तिनं मामालाही एक बनवून दिली. डोक्यातलं सगळं लिहून ठेव, म्हणाली, म्हणजे दुकान मिटलं तरी विद्या मिटणार नाही. मास्तरांनी काउंटरवर समोर मशीन ठेवून, त्याच्याकडे बघत बघत बासष्ट पानं लिहिली. ती भाचीनं टाइप केली.

दोन वर्षं झाली. माणसं वेबसाइटवर यायची आणि अर्ध्या मिनिटात पळायची. एक दिवस भाची चाचरत म्हणाली, "मामा, कुणी वाचत नाही रे. महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर बंद करून टाकू."

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. दुकान जाणार हे त्यांनी गिळलं होतं. पण हेही गेलं तर चाळीस वर्षांचं मागं काय उरणार? मग राग लोकांवर निघाला. हल्ली कुणाला दम धरवत नाही, वाचायचा कंटाळा, वगैरे. पुरावाही होता त्यांच्याकडं. सुई बसवण्याच्या पानाखाली तिघांनी लिहिलं होतं, की तुमचं वाचून सुई बसवली, आता टाकाच पडत नाही. तिघांनाही मास्तरांचं एकच उत्तर होतं: नीट वाचा, डोळे उघडे ठेवून.

भाचीनं ते उत्तर मामीला वाचून दाखवलं. मामी कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली घडी न सोडता ती मास्तरांना म्हणाली, "अहो, हे तिघं म्हणजे परत आलेली मशीनंच की. त्यांच्या खुर्चीत कधी बसलात?"

मास्तरांनी जेवताना दोनदा पाणी मागितलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्याबरोबर ते सुईच्या पानाची छापील प्रत घेऊन काउंटरच्या पलीकडं गेले आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. आपल्याला काही येत नाही असं धरून चालायचं, आणि कागद सांगेल तेवढंच करायचं. वाचायला लागले. पहिल्या दोन परिच्छेदांत त्यांचे उस्ताद, तिसऱ्यात पहिलं दुकान, चौथ्यात लग्न. सुई पाचव्यात. चष्मेवाला दारात उभा होता. त्याला ते म्हणाले, "सुई बसवायला आलेल्याला मी आधी लग्नाची गोष्ट सांगतोय."

पाचव्यात लिहिलं होतं, सुईची सपाट बाजू उजव्या हाताला ठेवा. ठेवली. दोरा ओवला, चाक फिरवलं. सुई खालीवर झाली, कापड पुढं सरकलं, टाका एकही नाही.

मास्तर मग उठून आपल्या जागी, मशीनच्या पाठीमागं गेले. तिथून बघितलं तर सपाट बाजू डावीकडं. पुन्हा पुढं आले, ती उजवीकडं. बासष्ट पानं त्यांनी मागच्या बाजूनं लिहिली होती, आणि वाचणारा बसत होता पुढं.

तिथून त्यांनी सपाटाच लावला. रोज सकाळी दोन पानं, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून, हाताने करून बघायची. अकरा पानांत डावं-उजवं उलटं निघालं. उस्ताद आणि लग्न एका वेगळ्या पानावर गेले. पानांची नावंही बदलली. आधी सुट्या भागांची नावं होती, आता गिऱ्हाईक दारात उभं राहून जे बोलतं तेच: चाक जड फिरतं, दोरा सारखा तुटतो.

भाची म्हणाली, चुका गुपचूप दुरुस्त करू, कुणाला पत्ता लागणार नाही. मास्तर ऐकेनात. सुईच्या पानावर सगळ्यात वर त्यांनी लिहायला लावलं: "हे मी दोन वर्षं उलटं सांगत होतो. ज्यांची सुई त्यामुळं चुकली, त्यांचा दोष नाही." त्या तिघांनाही स्वतः लिहिलं.

एकाचं उत्तरच आलं नाही. दुसऱ्यानं कळवलं की मशीन केव्हाच भंगारात गेलं. ते वाचून मास्तरांना दिवसभर काही सुचलं नाही. तिसरी एक बाई होती. महिना संपायच्या चार दिवस आधी तिनं लिहिलं, टाका पडला, आता खालून गुंता होतोय, त्याचं कुठं लिहिलंय?

भाचीनं विचारलं, काय कळवू? मास्तर तोवर मशीन उचलून काउंटरच्या पलीकडं निघाले होते. "थांब म्हणावं," ते म्हणाले, "ते पान अजून बसून बघायचंय."

वेबसाइट बंद करायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.