संशयी यशोधराताई

यशोधराताई गेल्याचा फोन त्यांच्या सुनेनं केला, तेव्हा मी आधी विचारलं, "कोण बोलतंय?" आणि मग, "नक्की?" तुरुंगात महिला शिपाई म्हणून उभी नोकरी केलेल्या बाईला कुठलीच गोष्ट एका दमात खरी वाटत नाही. पण सून रडत होती... महिना होऊन गेला त्याला.

उस्मानपुऱ्यात राहणाऱ्या यशोधराताई कैदेतल्या गरोदर बायकांना सोबत करायला यायच्या. कंबर चोळायची, श्वास कसा सोडायचा ते सांगायचं, बाळंतपण होईस्तोवर हात धरून बसायचं. या कामाला आता डौला म्हणतात; बराकीतल्या बायका नुसतं ताई म्हणायच्या. वरून परवानगी होती, पण झडती माझ्याकडं. पहिल्या दिवशी मी त्यांच्या डब्यातला एकेक डिंकाचा लाडू फोडून बघितला. पगार नाही, नातं नाही, मग ही बाई येते कशाला? कुणाचा निरोप तर आणत नसेल? ताई शांतपणे म्हणाल्या, "फोडा की. पण त्यातला एक तुम्ही खा. माझ्या हातून तिच्या हातात जाईपर्यंत यात कोण काय टाकतं, मला तरी काय ठाऊक?"

मी खाल्ला. माझ्याहून संशयी माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं.

आल्या की त्या आधी बाईची मनगटं बघायच्या, बेडीचे वळ आहेत का म्हणून. दिलेली गोळी कशाची, ते डॉक्टरांना विचारायच्या. "बरी आहे ती," असं आमच्यापैकी कुणी म्हटलं, की "तिला बोलू द्या" म्हणायच्या. सगळे वैतागायचे, मीही. मग फुलंब्रीकडची संगीता आली. नवरा मेला त्याचा आरोप सासरच्यांनी तिच्यावर केलेला, खटला चालू, आणि दिवस भरत आलेले. ती ताईंशीही बोलेना. एकदा तिनं तोंडावरच विचारलं, "तुमी माझं लेकरू न्यायला येता ना?" ताईंना राग आला नाही. माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, "असंच विचारत जा. मला पण, या मंदाला पण."

कळा सुरू झाल्या तेव्हा भर दुपार होती. दवाखान्यात पोलिसांच्या गार्डबरोबर मलाही पाठवलं. संगीतानं ताईंच्या दंडात नखं रुतवली, आणि ताई आपल्या "सोड... श्वास लांब सोड" म्हणत राहिल्या. मुलगी झाली.

दुसऱ्या दिवशी सासू आली. हातात कुंची, नवं दुपटं, डोळे रडून सुजलेले. "माझ्या लेकाची निशाणी हाय. जेलात कशाला वाढवायची? आमी नेतो." खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं. घर होतं, अंगण होतं, दुभती गाय होती... ताई मात्र उठून खाटेच्या आणि तिच्या मधे उभ्या राहिल्या.

"आईला भेटता?"

"तिचं तोंड बघायचं नाय मला."

"मग तिलाच विचारू." ताई वळल्या. "संगीता, देतेस?"

संगीतानं मुलीला पदराखाली घेतलं. "नाय."

म्हातारी कुंची खाटेच्या पायथ्याशी ठेवून निघून गेली. जिन्यात मी ताईंना गाठलं. "मायेनंच आली असेल तर हो ती?"

"असेल. मला कुठं माहीत? माहीत नव्हतं म्हणूनच लेकरू आईपाशी ठेवलं."

संगीता पुढं निर्दोष सुटली. मुलगी तोवर बराकीत धावायला लागली होती.

परवा उस्मानपुऱ्यात ताईंच्या घरी भेटायला गेले. ताईंची खुर्ची दाराकडं तोंड करून तशीच होती. दाराला पाठ करून ताई कधी बसल्याच नाहीत. आलेलं कुणीच त्या खुर्चीत बसत नव्हतं. तेवढ्यात संगीता आली आणि तिची पोर सरळ जाऊन त्या खुर्चीवर चढली. संगीता माझ्याजवळ टेकली. सासू हल्ली अधूनमधून नातीला बघायला येते, म्हणाली.

"विश्वास बसला म्हणायचा मग?"

"लई नाय." तिनं पदर सारखा केला. "पोर तिच्या मांडीवर बसती, गोष्टी ऐकती... हसती पण. मी समोर बसून ऱ्हाते." मग खुर्चीकडं बघत म्हणाली, "ताई बसायच्या ना, तशी."