जाम झालेला क्रँक
रॉकेलचा वास आला की नव्वदीतलं आमचं जुईनगरचं घर आठवतं. मी मर्जीविरुद्ध लग्न केलं म्हणून दोन वर्षं न आलेले वडील एका रविवारी साताऱ्याहून आले, पण माझ्या बायकोशी बोलेनात. मी गॅलरीत जुन्या स्कूटरचं इंजिन रॉकेलने धुऊन जोडत होतो. बोल्ट आवळले आणि क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा, फिरेचना. मी हातोडा उचलताच वडिलांनी हात धरला. “जोर लावू नगंस. एका बाजूला ओढला गेलाय त्यो.” त्यांनी बोल्ट सैल केले, क्रँकच्या टोकाला लाकूड लावून हलकेच ठोकलं. क्रँक अलगद फिरला. हात पुसत ते आत वळून म्हणाले, “सूनबाई, वाईच च्या टाका.” गडबडीत तिने साखर दोनदा घातली. वडील वारले, तरी ती अजून सांगते, “तरी कप रिकामा केला हो त्यांनी.”