चार नंबरची सासूबाई

माझ्या धाकट्या भावानं आयुष्यात जेवढा मार खाल्ला, तेवढा गाढवानंही खाल्ला नसेल. आणि गुन्हा काय? हातात आलेली वस्तू जशी आहे तशी ठेवायची नाही. सातव्या वर्षी त्यानं घड्याळ उघडलं, तर बाबांनी पट्ट्यानं सोलून काढलं. मास्तरांच्या खुर्चीला चाकं लावली, तर त्यांनी छडी मोडेपर्यंत झोडपलं. खोटं कशाला बोलू, मीही हाणलंय त्याला. माझ्या शिवणयंत्राचा त्यानं पंखा केला होता. सगळे त्याला उचापत्या म्हणत. इकडे डोळे पुसायचा, तिकडे पुढची उचापत सुरू.

पुढे मी काम करते त्याच कारखान्यात तो फिटर झाला. आम्ही डब्यांची झाकणं बनवतो. पायानं पॅडल दाबायचं, वरून जड साचा आदळतो, पत्र्याचं झाकण होतं. हात आत राहिला तर हाताचंही. चार नंबरच्या यंत्रानं तिघांची बोटं खाल्ली होती आणि आता त्यावर मी बसत होते.

मालकाची मुलगी कारभार बघायला लागली आणि तिनं फर्मान काढलं: दर बुधवारी जेवणानंतर एक तास भंगारातून सुचेल ते बनवा, चुकलं तरी चालेल. फोरमन तडकला. "हा कारखाना आहे की बालवाडी?" त्याची स्वतःची दोन बोटं चार नंबरनंच नेली होती. "आम्ही रक्त सांडून काम शिकलो," असं छाती फुगवून सांगायचा मेला.

तिसऱ्या बुधवारी उचापत्यानं पत्र्याचा पंजा केला, त्याला लाल नखं रंगवली आणि माझ्या यंत्राला जोडला. पॅडल दाबलं की साचा उतरायच्या आधी पंजा फाडकन मनगटावर बसायचा आणि हात बाहेर! बायका हसून हसून लोळल्या. नाव पडलं सासूबाई.

पण माझ्या जिभेला हाड नाही ना! एकदा जेवणाच्या सुट्टीत मी फोरमनसमोर मनगट नाचवत म्हटलं, "बघा, सासूबाईंनी कसा छळ मांडलाय! सोडवा हो आम्हाला." थट्टा होती ती. त्याला तेवढंच निमित्त हवं होतं. उठला, घण घेतला आणि सासूबाईचा चेंदामेंदा करायला लागला. उचापत्या धावत आला, उरलेला तुकडा वाचवायला त्यानं हात मध्ये घातला. फोरमननं पाहिलं. शपथेवर सांगते, पाहिलं, आणि तरी घण हाणला. हाडं मोडलेली मला ऐकू आली. मग लाथा. पोटात, तोंडावर. "खेळ! खेळ आता!" मी त्याच्या पाठीवर झेप घेतली, कान दातात धरला आणि तोंडात रक्त आलं तरी सोडला नाही. चौघींनी मिळून मला ओढून काढलं.

फोरमन तुरुंगात गेला. मालकाच्या मुलीनं कारखान्यातल्या अकराही यंत्रांना सासूबाई बसवून घेतल्या. पाच महिन्यांनी उचापत्या कामावर आला. उजवा हात वाकडा, पण पाना धरता येतो. मी त्याचे पाय धरायला गेले, तर म्हणाला, "तुझी काय चूक, ताई." तेवढंच.

पहिल्याच बुधवारी सगळ्या जणी त्याच्याभोवती जमल्या. मी भंगाराची टोपली त्याच्यापुढे ओतली. स्प्रिंगा, चाकं, तारा. तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

"कर ना काहीतरी," मी म्हटलं.

"काय करू?"

"काहीही. तुला वाटेल ते."

"असं नको, ताई. नीट सांग. माप दे."

मस्करी समजून मी हसले. तो हसला नाही. माझ्या हुकुमाची वाट बघत होता.

"डबी कर," मी म्हटलं. "चौकोनी. चार इंची."

त्यानं केली. अगदी मापात, एक रेघ इकडची तिकडे नाही. मी ती डबी हातात घेतली आणि सगळ्यांसमोर हंबरडा फोडला.