गढूळ ओढा आणि बाबांची तुरटी

समस्त आप्तेष्टांस व फ्लॅट बुश या आमच्या उपनगरातील तमाम शेजाऱ्यांस जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आमच्या यजमानांचे लाडके वॉटर फिल्टर डोंगरात, अवघी अर्धी बाटली पाणी गाळून, निवर्तले. भेटायला येऊ नये. आम्ही मजेत आहोत.

झालं असं. उन्हाळ्याच्या सुट्टीत नवरा, मी, आमची लेक आणि मिरजेहून आलेले सासरे दोन दिवसांच्या ट्रॅम्पिंगला, म्हणजे डोंगरात पायी भटकायला, निघालो. पाच तास चालून मुक्कामाच्या हटवर, म्हणजे डोंगरातल्या साध्या झोपडीवर, पोचलो, तेव्हा बाटल्या ठणठणीत कोरड्या. हटबाहेर पावसाच्या पाण्याची टाकी असते, तिच्याच भरवशावर तर आलो होतो. नळ फिरवला, तो नुसता खाकरला. आधीच्या कुणीतरी तो नीट बंद केला नव्हता.

"डोन्ट पॅनिक!" म्हणत नवऱ्यानं तलवार उपसावी तसा फिल्टर उपसला. खाली ओढा होता, पण वर कुठेतरी दरड कोसळलेली, त्यामुळे पाणी दुधाच्या चहाच्या रंगाचं. अर्ध्या बाटलीत फिल्टर तुंबला. हटमध्ये इथलेच एक किवी आजी-आजोबा होते, त्यांचा तर दुपारीच तुंबला होता.

"उकळून पिऊ," मी म्हटलं.

"बॉइल्ड मड?" नवरा खेकसला.

लेकीचे ओठ सुकले होते, आणि उद्या तेवढंच अंतर परत चालायचं होतं. पाण्याशिवाय ते जमणार नव्हतं.

बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. तीस वर्षं नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात काढलेला माणूस. हटमधली बादली भरून आणली आणि दाढीच्या सामानातून तुरटीचा खडा काढला.

"बाबा, ती तुम्ही गालाला लावता!" मी म्हटलं.

"धुतलीय. अख्ख्या गावाला हीच पाजलीय मी, पोत्यांनी."

खडा पाण्यात गोल गोल फिरवून त्यांनी हुकूम सोडला, "आता बादलीला कुणी हात लावायचा नाही. शिंकायचं तर तिकडे तोंड करून."

आम्ही सहा जण बादलीभोवती बसलो. सत्यनारायणालाही इतकी शांतता नसते. हळूहळू गाळ तळाशी बसला आणि वरचं पाणी असं नितळ झालं की नवरा पेला घेऊन झेपावलाच. बाबांनी फाटकन त्याच्या हातावर चापट मारली.

"नितळ झालंय, निर्धोक नाही. जंतू काय हात हलवून दिसतात?"

मग वरवरचं पाणी दुहेरी पंच्यातून पातेल्यात ओतलं, चांगलं खळखळून उकळलं आणि झाकून निववलं. तोवर कुणाला थेंब मिळाला नाही, नातीलासुद्धा नाही. पहिला पेला मात्र तिलाच. तिनं तो घटाघटा संपवला आणि ती म्हणाली, "आजोबा, स्वीट ॲज!" इथल्या पोरांच्या भाषेत, एकदम झकास. मी तर हटच्या पायरीवर उभी राहून टाळ्याच वाजवल्या. असा सासरा मला मिळालाय, हे त्या डोंगराला कळायलाच हवं होतं.

किवी आजोबांनी दोन पेले रिचवले आणि माझ्या नवऱ्याला इंग्रजीत अदबीनं विचारलं, हे गृहस्थ तुमचे गाइड का?

घरातही आमच्याशी इंग्रजीतून बोलणारा माझा नवरा त्या बिचाऱ्यावर अस्सल मराठीत ओरडला, "गाइड कसला, बाप आहे माझा!"