तीस पावलं

शशिकांतकाका माणूस म्हणून कसे, असं मार्चच्या आधी कुणी विचारलं असतं तर मी तासभर कौतुक केलं असतं. आता विचाराल तर आधी थोडं थांबावं लागेल, कारण मला अजून राग येतो.

काका बासष्ट वर्षांचे. मूळचे पुण्याचे, पण पेठेतले नव्हेत, बिबवेवाडीचे, हे ते पहिल्याच भेटीत स्वतः सांगतात. इथे परदेशात येऊन हॅमिल्टनजवळच्या दूध पावडरच्या कारखान्यात तेवीस वर्षं मीटर आणि व्हॉल्व्ह सांभाळले, निवृत्त झाले आणि रिमोटवर उडणाऱ्या ग्लायडरच्या नादी लागले. त्याला इंजिन नसतं. टेकडीवर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्यावर ते तरंगत राहतं. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आठवड्याचे पाच दिवस मायक्रोस्कोपमध्ये खाली बघते. शनिवारी तरी मान वर करावी म्हणून ग्लायडरच्या क्लबात गेले, आणि काकांनी मला शिकवलं.

शिकवलं म्हणजे आधी तीस पावलं शिकवली. उडवण्यापूर्वी रिमोटची पॉवर मुद्दाम कमी करायची, ग्लायडर दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि तीस पावलं लांब जायचं. तिथून रिमोटची काडी हलवल्यावर शेपटी हलली तर ठीक. नाही हलली तर मुकाट्याने सामान आवरायचं. एरवी कंटाळा सगळेच करत, पण काका समोर असले की कुणाची टाप नव्हती.

"सिग्नल गेला ना कल्याणी, की ते आपलं विमान राहत नाही," ते म्हणायचे. "तीन किलोचा धोंडा असतो तो. कुणाच्या डोक्यात पडेल सांगता येत नाही."

मार्चमधल्या त्या शनिवारी आम्ही ग्रेगच्या टेकडीवर होतो. ग्रेग शेतकरी, रॅग्लनच्या रस्त्याला राहणारा. त्याच्या कुरणातून आम्ही वर जायचो. काकांचं चार मीटर पंखांचं ग्लायडर दूर समोर होतं आणि काका खुशीत होते. मी शेजारी बसून माझा जुना, सेकंडहँड रिमोट ऑन केला. त्याच वेळी काका ओरडले, "कंट्रोल गेला! नथिंग! काहीच नाही!"

ग्लायडर कलंडलं आणि थेट कुरणात शिरलं. तिथे ग्रेगची बायको हेलन चार चाकांच्या क्वाड बाइकवर होती. तिने दचकून हँडल वळवलं, बाइक उलटली आणि तिचं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

"आत्ता कुणी ऑन केलं? तू केलंस?" काकांनी सगळ्यांसमोर विचारलं.

पूर्वीच्या रिमोटचं तसं होतं. दोघांनी एकच चॅनल लावला की पहिल्याचं विमान पडायचं. आताच्या रिमोटना, माझ्या सेकंडहँडसकट, ते होत नाही, हे मी वाचलं होतं. पण खाली हेलन विव्हळत होती, आणि काका चुकत नाहीत अशी माझी पक्की समजूत. मी हो म्हटलं. अपघाताच्या फॉर्मवर काकांनी लिहिलं की शेजारच्या जुन्या रिमोटमुळे सिग्नल गेला. पुढे माझं नाव.

ग्रेगने फाटकाला कुलूप लावलं. मी त्याला माफीचे तीन मेसेज पाठवले, पाच-सहा वेळा फोन केला. त्याने उचलला नाही. एका बाईचा हात आपण मोडला, या विचाराने मला जेवण जाईना. माझं ग्लायडर गराजमध्ये धूळ खात पडलं.

जुलैत क्लबचा इमेल आला. हेलनचं प्लास्टर निघालं होतं, ग्रेग टेकडी परत द्यायला तयार होता. अट एकच, कल्याणी नको. मी लॅबच्या लंचरूममध्ये तो वाचला आणि डबा न उघडता परत ठेवला.

त्याच रविवारी काका दारात. एका हातात रिमोट, दुसऱ्या हातात त्या ग्लायडरचं तुटकं नाक. सिग्नल पकडणारा रिसीव्हर अजून आतच होता आणि शेपटी हलवणारी छोटी मोटर वायरला लोंबत होती.

"समोरच्या पार्कात चल," ते म्हणाले.

नाक माझ्या हातात देऊन त्यांनी रिमोटची पॉवर कमी केली आणि काडी हलवत, पावलं मोजत निघाले. अकराव्या पावलाला मोटर थांबली. मी हात वर केला. काका थांबले नाहीत. तीसपर्यंत गेले आणि तिथून काडी हलवत राहिले. माझ्या हातात काहीही हललं नाही.

परत आले आणि त्यांनी नाकाच्या आतल्या काळ्या कापडावर बोट ठेवलं. "नाकाला तडा गेला होता. आतून कार्बनचं कापड चिकटवलं, मजबूत व्हावं म्हणून. कार्बनमधून सिग्नल जात नाही गं. तुम्हा सगळ्यांना मीच शिकवलंय ते. अँटेना बाहेर काढायची राहिली. जवळ होतं तोवर चाललं."

"आणि तीस पावलं?"

"दुरुस्तीच्या आधी केली होती. त्या दिवशी वारा फार छान होता."

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"ग्रेगने तुकडे क्लबवर आणून टाकले तेव्हा. आठव्या दिवशी."

"चार महिने, काका?" मी एवढ्याने ओरडले की कुत्रं फिरवणारा एक जण वळून बघायला लागला. "चार महिने मी त्या बाईचा हात माझ्या डोक्यावर घेऊन फिरतेय!"

"टेकडी गेलीच आहे, आता सांगून काय, असं वाटलं. लाज वाटली. पण परवा तो इमेल आला. तुला बाहेर ठेवून मी वर कसा जाऊ?"

मी त्यांना घरात या म्हटलं नाही, चहा विचारला नाही. खिशातून फोन काढला. "ग्रेगला सांगा. आत्ता."

त्यांनी स्वतःचा फोन चाचपला.

"तुमच्यावरून नको. तुमचं नाव दिसलं की तो लगेच उचलेल. माझ्यावरून करा."

दोनदा रिंग वाजून बंद झाली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "अजून." तिसऱ्यांदा त्याने उचलला.

"लीव्ह अस अलोन, विल यू? तुझ्यामुळे माझ्या बायकोला अजून बादली उचलता येत नाही!" स्पीकर लावायची गरजच पडली नाही, इतका तो ओरडला.

काकांचा चेहरा पडला. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"ग्रेग, ही कल्याणी नाही," ते इंग्रजीत म्हणाले. "मी शशिकांत बोलतोय. तुला जे म्हणायचं आहे ते मला म्हण."