कोचीचं रजिस्ट्रेशन

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, नवऱ्याला — अजितला — तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, पण तोंड पाडून नाही. आधीच बजावते.

मी नर्स. अजित नेव्हीत ऑफिसर होता. बदली झाली की त्याला नवं घर, नवं ऑफिस, कडक सॅल्यूट. आणि मला? नवं राज्य, म्हणजे नवं नर्सिंग कौन्सिल. जुन्याची एनओसी, नव्याचा अर्ज, मग महिनोन्‌महिने वाट. रजिस्ट्रेशन नाही, तोवर नोकरी नाही. विझागचं रजिस्ट्रेशन हातात पडलं आणि आठवड्यात कोचीची ऑर्डर आली. मी हसले — दुसरं काय करणार?

कोचीत एकदा जेवताना अजित म्हणाला, "या महिन्यात तुझं रजिस्ट्रेशन आलं नाही ना, तर मी पेपर्स टाकतो. बास झालं." नोकरी सोडायला निघाला होता, तीही जहाजाची कमांड मिळायच्या तोंडावर.

आणि ते आलं. वेळेत आलं. पोस्टमनकडे सही मीच केली. लिफाफा फोडला, शिक्का पाहिला — आणि तो कुकरच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याखाली सरकवला. अजितला म्हटलं, अजून काही पत्ता नाही. त्यानं पेपर्स टाकले.

मला ती फिरती नको होती. एका गावात राहायचं होतं, एकाच हॉस्पिटलात म्हातारं व्हायचं होतं. सरळ सांगता आलं नसतं? आलं असतं. नाही सांगितलं.

आता आम्ही योकोहामात. अजित एका शिपिंग कंपनीत दुसऱ्यांच्या जहाजांची वेळापत्रकं लावतो. रविवारी बंदरावर कठड्याला टेकून तासभर उभा असतो. मी वृद्धाश्रमात बाइतो करते, म्हणजे पार्टटाइम — आजींना भरवायचं, कपडे बदलायचे, इंजेक्शनला मात्र हात लावायचा नाही, इथलं लायसन्स नाही ना. हिगाशी-कसाई या भारतीय वस्तीतल्या मित्रांत तो छाती फुगवून सांगतो, "हिच्या लायसन्ससाठी नेव्ही सोडली!" बायका माझ्याकडे बघतात — काय नशीबवान! मी भज्यांची ताटली पुढे करते.

इथल्या नर्सिंगच्या परीक्षेला बसायचं, तर आधीची सगळी रजिस्ट्रेशन्स तारखांसकट कळवावी लागतात. फॉर्म अजितनंच भरला, सुट्टीचे तीन दिवस त्यात घालवले. कोचीपुढे त्यानं लिहिलं — मिळालं नाही.

तसाच पाठवता आला असता. कुणाला कळणार होतं? पण खोटं मी बोलले, ते त्याच्या अक्षरात जावं? हे मात्र मला सहन होईना.

तो लिफाफा मी स्वेटरांच्या तळाशी ठेवून इथवर आणलाय. का, विचारू नका. आज दुपारी अजितचे शब्द खोडले, तारीख लिहिली, मूळ कागद टाचला. माफीची चिठ्ठी लिहिलेली नाही, लिहिणारही नाही.

फॉर्म जेवणाच्या टेबलावर आहे. अजित सातला येतो. त्यानं पेपर्स टाकले, त्याच्या नऊ दिवस आधीची ती तारीख आहे. त्याला मोजून दाखवावं लागणार नाही.